मोटरसायकलची सीट घरच्या घरी, कमी खर्चात नव्याने भरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीट उघडायला लोक विनाकारण घाबरतात. वर रेक्झिनचं कव्हर, त्याखाली पीयू (पॉलियुरेथेन) फोम, त्याखाली प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा तळ आणि कव्हरला तळाशी धरून ठेवणाऱ्या पिना, एवढाच सगळा मामला असतो. स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सात सीट मी आजवर उघडून भरल्या आहेत. पहिली बिघडली, दुसरी बरी झाली आणि तिसरीपासून नेमकं काय चुकत होतं ते हाताला कळायला लागलं. या कामांच्या वेळी जे प्रश्न लोक हमखास विचारतात, ते इथे घेतले आहेत.

फोम खरंच गेला आहे हे कसं ओळखायचं?

सीट गाडीवरून काढून सपाट जागी ठेवा. तुम्ही जिथे बसता तिथे गुडघा टेकवा आणि हळूहळू वजन टाका. गुडघ्याला खालचा कडक तळ लागला, तर फोम संपला. तळ लागला नाही, पण गुडघा उचलल्यावर खळगा भरून यायला वेळ लागतोय, तर फोम थकलाय. पण त्याचा निम्मा-अधिक भाग अजून कामाचा आहे. फोम टणक आहे, लगेच वर येतोय आणि तरीही तासाभरात बसवत नाही, असं असेल तर दोष फोमचा नसून सीटच्या आकाराचा आहे. कोऱ्या गाड्यांच्या सीटसुद्धा अनेकदा या तिसऱ्या प्रकारात मोडतात, आणि तिथे नुसता नवा फोम घालून काही साधत नाही.

नेमकं कुठे दुखतं यावरून काही कळतं का?

सगळं त्यावरूनच कळतं. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी एक लांबची फेरी मारा आणि काय, कुठे, किती वेळाने दुखायला लागलं ते लिहून ठेवा.

बसल्यावर आपलं वजन मुख्यतः ढुंगणाखालच्या दोन हाडांवर येतं. त्यांना बैठकीची हाडं म्हणू. त्या दोन ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल, तर तिथे फोम दबून तळ लागतोय. दुखणं मधोमध, माकडहाडाशी असेल, तर तुम्ही मागे रेलून बसताय किंवा सीटला मध्ये उंचवटा आहे. मांड्यांच्या आतल्या बाजूला रग लागत असेल, तर सीटच्या पुढच्या कडा फार रुंद किंवा धारदार आहेत. आणि पुढे जांघेत बधिरपणा, मुंग्या येत असतील, तर सीटचा उतार तुम्हाला टाकीकडे ढकलतोय. या शेवटच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका. तिथल्या नसांवर सतत दाब येणं चांगलं नाही, आणि सीट सुधारूनही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

बैठकीची हाडं सीटवर नेमकी कुठे येतात ते कसं शोधायचं?

पन्हळी पुठ्ठ्याचा एक तुकडा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, जरा पुढे झुका आणि मिनिटभर थांबून उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले असतील. दिसले नाहीत तर पेन्सिल आडवी धरून पुठ्ठ्यावर हलकेच फिरवा, खळगे वेगळे उठून दिसतात. दोन्हींच्या मधोमध अंतर मोजा. बहुतेकांचं १० ते १४ सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं.

हे झालं अंतर. सीटवरची जागा जुना फोमच सांगतो. कव्हर काढल्यावर उजेड तिरका पडेल असा फोम धरा. जिथे रोज वजन आलंय तिथला पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित चकचकीत झालेला असतो आणि त्याभोवती बारीक भेगांची कड दिसते. माझ्या गाडीच्या सीटवर असे दोन डाग होते, आणि डावा डाग उजव्यापेक्षा स्पष्ट खोल होता. मी वर्षानुवर्षं जरा डावीकडे कलून बसत होतो, हे मला त्या फोमने सांगितलं. त्या डागांभोवती मार्करने खूण करा. पुढचं सगळं काम त्या खुणांच्या आधाराने होतं.

वरून जाड, मऊ फोम लावला की झालं ना?

नाही. हीच सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि माझी पहिली सीट याच चुकीने बिघडली. मी ५ सेंटिमीटर जाडीचा, हाताला छान लागणारा स्पंज वरून चिकटवला. घरासमोर बसून पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं. रस्त्यावर चाळीस मिनिटांत तो स्पंज हाडांखाली पूर्ण दबला. हाडं पुन्हा जुन्या कडक फोमवर आली आणि दबलेल्या स्पंजच्या कडा मांड्यांना काचायला लागल्या. सीट उंच झाली ती वेगळीच, आणि वळणावर खालून गाडी हलतेय की आपण, हे कळेना.

मऊ फोम शरीराला जागा देतो, पण वजन पेलत नाही. वजन पेलायला घट्ट फोम लागतो आणि ते वजन जास्तीत जास्त जागेवर पसरलं पाहिजे. म्हणून चांगल्या सीटमध्ये खाली घट्ट थर असतो आणि वर फक्त १ सेंटिमीटरच्या आसपास मऊ थर. दुकानात बोटाने दाबून आवडलेला फोम बहुतेक वेळा चुकीचा निघतो. बोट जिथे जेमतेम रुततं, पण मूठ टेकवून अंगाचा भार टाकल्यावर जो सावकाश दबतो, तो फोम घ्या.

फोम विकत घेताना काय मागायचं?

दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि विकणारेही त्यांची गल्लत करतात. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. कडकपणा म्हणजे तो दाबायला किती जोर लागतो. घनता जास्त असलेला फोम मऊही असू शकतो. घनतेवरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणावरून तो तुम्हाला पेलेल का हे कळतं. घनता ४० किलोच्या खाली असेल तर सीटसाठी घेऊ नका. गाडीवर तो लवकर बसतो.

आधाराच्या थरासाठी मला सर्वांत पसंत पडतो तो रिबाँडेड फोम. फोमच्या कारखान्यातले तुकडे बारीक करून, चिकटवून, दाबून तो बनवतात, त्यामुळे रंगीबेरंगी ठिपक्यांचा दिसतो. त्याची घनता साधारण ८० ते १२० किलो असते, तो चिवट असतो आणि नव्या घट्ट फोमपेक्षा सहसा स्वस्त पडतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण तो कव्हरखाली जाणार आहे.

मेमरी फोमच्या मोहात पडू नका. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक. उन्हात उभ्या गाडीवर तो लापट होतो, गारठ्यात पहाटे लाकडासारखा लागतो. शिवाय सतत वजनाखाली तो दबतच जातो. वरचा १ सेंटिमीटरचा थर म्हणून चालून जाईल, आधार म्हणून कधीच नाही.

घरात पडलेलं जुनं सामान वापरता येईल?

काही गोष्टी येतील. जुन्या गादीतला रिबाँडेड फोम चांगला असेल तर उत्तम. दाबून पाहा, चुरा पडत नसेल तर घ्या. व्यायामाची जाड चटई किंवा मुलांच्या खोलीत जमिनीवर टाकतात त्या ईव्हीएच्या जोडचटया यांचा फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे त्यातले हवेचे बारीक कप्पे एकमेकांना जोडलेले नसतात. तो पाणी शोषत नाही आणि फार कमी दबतो. तळाचा खड्डा बुजवायला, कडांना आकार द्यायला किंवा पुढून उतार कमी करायला पाचर म्हणून तो छान आहे. हाडांच्या थेट खाली मात्र तो दगडासारखा लागतो.

सोफ्याच्या जुन्या उशीतला फोम बहुधा आधीच दमलेला असतो. थर्मोकोल अजिबात नको: तो तुटतो आणि काँटॅक्ट प्रकारच्या गोंदातलं द्रावक त्याला विरघळवून टाकतं. कापूस, चिंध्या, कपड्यांचे तुकडे यांच्या आठवड्याभरात गाठी होतात.

हत्यारं काय लागतील?

पसरट टोकाचा छोटा स्क्रूड्रायव्हर, टोकदार पक्कड, लांब पात्याचा कटर, पाव कापायची दातेरी सुरी, मार्कर, कागदी चिकटपट्टी, ४० ते ६० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, आणि पिना मारायची स्टेपल गन. गन विकत घेण्याआधी ओळखीत कोणाकडे आहे का विचारा. सीट भरण्यापुरतं तिचं काम अर्ध्या तासाचं असतं.

जुन्या पिना काढताना काय सांभाळायचं?

डोळे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजलेली पिन तुटून उडते. स्क्रूड्रायव्हरने पिनेची एक बाजू उचकटा, मग पक्कडीने सरळ वर ओढा. आडवी ओढली तर रेक्झिन फाटतं, आणि हेच रेक्झिन तुम्हाला परत वापरायचंय. काढलेल्या सगळ्या पिना एका डबीत टाका. त्यातली एक न वाकलेली पिन बाजूला ठेवा आणि तिच्या पायाची लांबी मोजा. नव्या पिना कोणत्या मापाच्या घ्यायच्या याचं उत्तर तिथेच मिळतं. बहुतेक प्लास्टिकच्या तळांना ६ मिलिमीटरचा पाय पुरतो. शक्य असेल तर स्टेनलेस स्टीलच्या घ्या. साध्या पिना पाण्याने गंजतात आणि एके दिवशी कव्हर एका बाजूने सुटून येतं.

कव्हर काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. कुठे किती चुण्या होत्या, शिवण कुठून जात होती, हे नंतर आठवत नाही.

आत फोम ओला निघाला, काय करू?

पिळा, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि मग सावलीत, वारा लागेल असा उभा ठेवा. पंखा लावलात तर अधिक बरं. दोन-चार दिवस लागतात. कडक उन्हात वाळवू नका, उन्हाने पीयू फोम पिवळा पडतो आणि वरून भुगा व्हायला लागतो. ओल्या फोमवर गोंद धरत नाही, त्यामुळे इथे घाई करून उपयोग नाही.

फोम आधीच पिवळा-तपकिरी पडून बोटांना चुरा लागत असेल, तर तो वाचवण्यात अर्थ नाही. तेवढा भाग कापून नवा घालायचा.

नवा फोम वरून चिकटवायचा की जुना कापून आत बसवायचा?

आत बसवायचा. या एका निर्णयाने सीट घरगुती वाटेल की मूळची वाटेल ते ठरतं.

वरून थर चढवला की सीटची उंची वाढते, कव्हर पुरत नाही, आणि खालचा थकलेला फोम तसाच राहतो. त्याऐवजी हाडांच्या खुणांभोवती एकच मोठा चौकोन आखा, दोन्ही बाजूंना खुणेच्या बाहेर निदान ४ सेंटिमीटर जाईल असा. मी कटरचं पातं हव्या तेवढंच बाहेर काढतो, साधारण २५ मिलिमीटर, आणि तिथे चिकटपट्टीचा वेढा मारतो म्हणजे ते त्याहून खोल जात नाही. आधी आखलेल्या रेघेवरून चारही बाजू कापून घ्यायच्या. मग आतला भाग २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत उभा-आडवा चिरायचा आणि एकेक ठोकळा बोटांनी धरून, खालून सुरीने कापत काढायचा. खड्ड्याचा तळ थोडा खडबडीत राहतो. तो पॉलिश पेपरने सारखा करा, पण आरशासारखा करत बसू नका.

खड्ड्याखाली जुना फोम निदान २ सेंटिमीटर शिल्लक हवा. नसेल तर तळापर्यंत कापून तिथून पुढे सगळा नवाच भरा.

आता रिबाँडेड फोमचा तुकडा खड्ड्यापेक्षा प्रत्येक बाजूला २-३ मिलिमीटर मोठा कापा, म्हणजे तो दाबून बसतो आणि सांध्यात फट राहत नाही. जाडी खड्ड्याच्या खोलीपेक्षा ५ ते १० मिलिमीटर जास्त ठेवा, वर आलेला भाग घासून आजूबाजूच्या उतारात मिसळवता येतो. डोळे मिटून तळहात फिरवा. हाताला जी कड जाणवते ती तासाभराच्या प्रवासात शंभर पटीने जाणवेल. ती पुन्हा घासा. शेवटी या सगळ्यावर, पूर्ण सीट झाकेल असा ८ ते १० मिलिमीटरचा मऊ फोम पसरा. तो सांधे लपवतो आणि कव्हरला नितळ बसायला मदत करतो.

फोम सरळ कापला जात नाही, फाटतो. असं का?

पातं बोथट झालंय किंवा तुम्ही दाबून कापताय. फोम दाबला की पात्याखाली आकार बदलतो आणि सोडल्यावर काप वाकडा दिसतो. पातं लांब आणि कोरं घ्या, न दाबता लांब लांब ओढीने कापा. जाड तुकड्याला पाव कापायची सुरी कटरपेक्षा सरळ चालते. गोलाई द्यायची असेल तर कापण्यापेक्षा घासणं सोपं. ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून फार भराभर काम होतं, पण तितक्याच भराभर जास्त खणलंही जातं. हलका हात ठेवा, आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. फोमची धूळ बारीक असते आणि ती छातीत जाता कामा नये.

गरम तारेने किंवा तापवलेल्या सुरीने कापू का?

नको. पीयू फोम जळताना निघणाऱ्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात, आणि फोम पेटतोही पटकन. सुरी आणि पॉलिश पेपरने होणाऱ्या कामासाठी तो धोका पत्करायचं काही कारण नाही.

गोंद कोणता आणि कसा लावायचा?

सिंथेटिक रबराचा काँटॅक्ट प्रकारचा गोंद, चपला-बूट चिकटवायला वापरतात तो. पांढरा लाकडाचा गोंद पाण्यावर चालतो, फोमच्या आत तो नीट वाळत नाही. झटपट चिकटवणारा थेंबाचा गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो.

दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात द्या आणि १० ते १५ मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटतं पण तार येत नाही, ती वेळ बरोबर. ओला असतानाच जोडला तर तो सरकतो आणि द्रावक आत कोंडून राहतं. जोडल्यावर मात्र तो सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडा बसवून दोन्ही तुकड्यांवर आडव्या खुणा करून घ्या. हाडांच्या बरोबर खाली गोंदाचा जाड थर नको, तिथे वाळलेली पापडी नंतर टोचते. कडेने लावा, मध्ये फक्त चार ठिपके पुरतात. आणि हे काम उघड्या हवेत, आगीपासून लांब करा. वास डोक्यात भिनतो.

सीटची उंची वाढेल का? माझे पाय आधीच जेमतेम टेकतात.

आत बसवण्याच्या पद्धतीत वरच्या थराएवढीच, म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर वाढते, आणि बसल्यावर त्यातलीही काही दबते. पाय टेकण्याचं गणित मात्र नुसत्या उंचीचं नसतं. सीट पुढे जितकी रुंद, तितके पाय बाहेर फाकतात आणि जमीन लांब जाते. टाकीजवळच्या दोन्ही कडा घासून गोल केल्या तर उंची न घटवता पाय जास्त टेकतात. ज्यांना सीट उंच वाटते त्यांच्यासाठी मी आधी हेच करतो, आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

उंची घटवायचीच असेल, तर हाडांखाली निदान ४-५ सेंटिमीटर घट्ट फोम राहू द्या. त्याहून कमी झाला की प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात जातो.

सारखा पुढे घसरून टाकीला टेकतो. फोमने हे सुटेल?

हो, आणि हे सगळ्यांत स्वस्तात सुटणारं दुखणं आहे. गाडी सपाट जागी सरळ उभी करा, सीटवर लाकडी पट्टी ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून लेव्हल दाखवणारं अ‍ॅप लावा. पट्टी टाकीकडे झुकलेली दिसेल. ईव्हीएची एक पाचर पुढून जाड, मागे शून्यावर येणारी अशी कापून मऊ थराखाली बसवा. आधी पुढच्या टोकाला १५ मिलिमीटर जाडी ठेवून पाहा. फार वर उचललं तर पुढचं टोक जांघेत टोचतं. बसायची जागा सपाट होऊन मागच्या बाजूला किंचित उठाव मिळाला, की पाठही सरळ राहते आणि मनगटांवरचा भार उतरतो.

बाजारात मिळणारं जेल घालावं का?

कमी खर्चाच्या कामात मी ते वगळतो. जेल दाब पसरवतं हे खरं, पण जड असतं, उन्हात तापतं आणि बराच वेळ तापलेलं राहतं. घालायचंच असेल तर त्याच्या मापाचा खड्डा करून आत बसवा आणि वर निदान १ सेंटिमीटर फोम ठेवा.

पाणी आत जाऊ नये म्हणून काय करायचं?

रेक्झिनमधून पाणी जात नाही, शिवणीच्या भोकांतून जातं. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घाला आणि तो कडेने तळापर्यंत खाली आणा. फार जाड कागद घेतलात तर बसताना कुरकुर वाजतं. शिवणीच्या आतल्या बाजूला लवचीक सीलंटचा पातळ हात दिला की काम पक्कं. तळाला मूळची भोकं असतील तर ती बुजवू नका. थोडं पाणी आत गेलंच, तर त्याला बाहेर यायची तीच वाट आहे.

जुनं कव्हर पुन्हा बसेल का?

उंची १०-१५ मिलिमीटरपर्यंत वाढली असेल तर बसतं. कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने गरम करा, रेक्झिन नरम होऊन ताणलं जातं. थंड रेक्झिन ओढलं तर शिवणीतून फाटतं. त्याहून जास्त उंची वाढली तर कव्हर ओढून बसवण्याचा हट्ट करू नका. फार ताणलेलं कव्हर ढोलाच्या कातड्यासारखं होतं: तुम्ही फोमवर बसतच नाही, ताणलेल्या रेक्झिनवर बसता, आणि आतली सगळी मेहनत वाया जाते.

नवं शिवायचं असेल तर जुन्याच्या शिवणी उसवून त्या तुकड्यांवरून माप घ्या. धागा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा हवा, सुती धागा पावसाने कुजतो. घरचं शिलाई मशीन रेक्झिनचे दोन थर ओढतं, पण जिथे चार थर एकावर एक येतात तिथे अडतं. तेवढी शिलाई बॅगा किंवा गाद्या शिवणाऱ्याकडून करून घेतलेली स्वस्त पडते.

कव्हर बसवताना सुरुवात कुठून करायची?

आधी पुढच्या टोकाला मधोमध दोन पिना. मग मागे ओढून मागच्या टोकाला मधोमध दोन. सीट उलटी-सुलटी करून शिवण मध्यावर आहे का पाहा. नंतर डाव्या बाजूला मधोमध एक, लगेच समोर उजव्या बाजूला एक, आणि तसंच आळीपाळीने कोपऱ्यांकडे सरकत जा. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर कव्हर पिळलं जातं. कोपऱ्यात एक मोठी चुणी घालण्यापेक्षा चार-पाच बारीक चुण्या घाला. सगळं मनासारखं बसल्यावर मधल्या पिना भरा, एक ते दीड सेंटिमीटरला एक.

गनने मारलेली पिन अर्धीच आत जाते.

हाताच्या गनचा हा नेहमीचा त्रास आहे. गन तळावर घट्ट टेकत नाही, झटका बसताना ती वर उडते. सीट जमिनीवर जुन्या गोधडीवर उलटी ठेवा, गनवर एका हाताने अंगाचा भार टाका आणि दुसऱ्या हाताने खटका ओढा. दुसऱ्याने कव्हर ओढून धरलं तर फार सोपं जातं. वर राहिलेली पिन हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसते. जुन्या भोकांत नवी पिन मारू नका, शेजारी मारा.

माझ्या सीटचा तळ पत्र्याचा आहे. तिथे पिना कशा मारू?

मारायच्या नसतात. तिथे पत्र्यालाच दाते किंवा चिमटे असतात, त्यात कव्हर अडकवून दाते दुमडायचे. दाते दोन-तीनदा उघडझाप केले की तुटतात, म्हणून एकदाच आणि सावकाश. तुटले असतील तर त्या जागी काँटॅक्ट गोंद आणि छोटे चिमटे वापरा. फोम काढलेलाच आहे तर गंज घासून तळाला रंगाचा हातही देऊन घ्या.

तळाला तडा गेलाय.

तो आधी दुरुस्त करा, कारण तडा गेलेल्या तळावर कोणताही फोम टिकत नाही. बरेचसे प्लास्टिक तळ पॉलिप्रोपिलीनचे असतात आणि त्याला साधा गोंद धरत नाही. प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या, किंवा खालून पातळ पट्टी लावून रिव्हेट मारा. रिव्हेटचं सपाट डोकं फोमच्या बाजूला ठेवा. तळाखालची रबरी बुटं, म्हणजे ज्यांवर सीट गाडीच्या सांगाड्याला टेकते ती, हरवली असतील तर तीही घाला. बहुतेकदा तडा त्यांच्या नसण्यानेच जातो.

मागे बसणाऱ्यासाठी वेगळं काही?

मागच्याचे पाय वर दुमडलेले असतात, त्यामुळे त्याचं जवळजवळ सगळं वजन ढुंगणावरच येतं आणि दणकाही मागच्या चाकावर जास्त लागतो. तिथेही हीच पद्धत, फक्त खड्डा रुंद आणि बसायची जागा शक्य तितकी सपाट. चालवणाऱ्याची जागा उंचावली आणि मागची तशीच राहिली, तर दोघांमधली पायरी कमी होऊन मागचा पुढे घसरत येतो.

सीट न उघडता, वरून जाळीचं कव्हर किंवा हवेची गादी घालून भागेल?

कधीमधी लांब जात असाल तर भागेल. हवेची गादी फुगवताना अर्धीच फुगवा. बसल्यावर हाडं आणि सीट यांच्यामध्ये बोटभर हवा राहिली की बास, टम्म फुगवली तर चेंडूवर बसल्यासारखं होतं. जाळीच्या कव्हरने घाम कमी होतो, आधार काही वाढत नाही.

शेवटच्या पिना मारण्याआधी कसं तपासायचं?

कव्हर आठ-दहा पिनांवर अडकवा आणि निदान ४५ मिनिटांची फेरी मारून या. दोन मिनिटं बसून काहीच कळत नाही. मऊ सीट दोन मिनिटांना नेहमीच छान लागते आणि बरोबर भरलेली सीट सुरुवातीला जराशी कडक वाटते. कुठे टोचलं, कुठे कड लागली ते परतल्या परतल्या कव्हरवर कागदी चिकटपट्टीने खुणा करा, कव्हर उघडा, तिथे घासा. माझ्या चांगल्या निघालेल्या प्रत्येक सीटला अशा दोन किंवा तीन फेऱ्या लागल्या आहेत.

सगळं मिळून वेळ किती जातो?

पहिल्यांदा करणाऱ्याला दोन पूर्ण दिवस धरा, फोम वाळवण्याचा वेळ सोडून. त्यातला एक दिवस तरी आकार देण्यात जातो.

सीट गाडीवर परत लावताना काही पाहायचं का?

हो, आणि हे घाईत राहून जातं. सीटखालच्या तारा कशात चेपल्या जात नाहीत ना, ते हात घालून पाहा. तळ पत्र्याचा असेल तर बॅटरीच्या टोकांना तो टेकत नाही ना आणि त्यांवरच्या रबरी टोप्या जागेवर आहेत ना, याची खात्री करा. पत्रा दोन्ही टोकांना लागला तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. आत एखादी पिन आरपार येऊन वर फोममध्ये घुसली नाही ना, हे पूर्ण सीटवर तळहात दाबत फिरवून तपासा. शेवटी सीटचं कुलूप खटकन लागल्याचा आवाज ऐका आणि सीट पुढून-मागून दोन्ही हातांनी वर ओढून पाहा. वाढलेल्या फोममुळे किंवा कव्हरच्या दुमडीमुळे ते कधी कधी अर्धवट लागतं. तसं झालं तर कुलपाजवळची दुमड कापून पातळ करा आणि पुन्हा ओढून पाहा.